एक नाव आणि सहा स्मरणपत्रं

नाही, माझी काही हरकत नाही. माणसाने अर्ज करावा, खिडकीसमोर उभं राहावं, 'उद्या या' ऐकावं, उद्या जावं, 'काल का नाही आलात' ऐकावं, सगळं मान्य. पण मला सांगा, तुम्हाला कधी स्वतःविरुद्ध सुनावणीची नोटीस आली आहे का? म्हणजे अर्जदार मी, आणि ज्याची हरकत आहे तो समोरचा पक्षही मीच. पत्ता तोच, फोन तोच. दोन्ही नोटिसा एकाच पोस्टमनने एकाच दुपारी आणल्या, दोनदा सही घेतली, आणि दुसऱ्या सहीनंतर मला म्हणतो कसा, "यांची यांना आठवणीने द्या हं."

थांबा, मुळापासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी सहा वर्षं लांब शिकायला गेली ती डोक्यावर परिणाम करून घेऊन आली. तसं म्हणणारे आमच्या घरातच आहेत, बाहेरून भरती नको.

तर मी तिकडे शिकले काय? तर वस्तू. वस्तू का मोडतात, मोडल्यावर माणसं त्या का फेकतात, आणि फेकली नाहीत तर काय काय होऊ शकतं. सहा वर्षं! आईला कुणी विचारलं, मुलगी काय शिकून आली, की आई म्हणते, "फर्निचर," आणि घाईघाईने त्यांच्या मुलाची चौकशी करते. पण मी ठरवूनच परत आले होते. या गावात यापुढे एकही खुर्ची तीन पायांवर मरणार नाही. हसू नका, हे वाक्य मी विमानात वहीत लिहिलं होतं. घरी पोचल्यावर उंबऱ्यातच मोठ्याने वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, "छान आहे. आधी त्या बॅगा घे आत, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडखळायला होतंय."

मग मला मिस्त्री भेटले. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. कारखाना बंद पडला, मालकाने यंत्रं विकली आणि मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन घरी बसले. मी त्यांच्याकडे एक पाय निखळलेलं स्टूल घेऊन गेले. त्यांनी ते उलटं केलं, सांध्यावरून अंगठा फिरवला, नखाने जरा टोकरलं, नाकाजवळ नेऊन वासही घेतला, आणि म्हणाले, "लाकूड जिवंत आहे, ताई. याचा दुसरा डाव बाकी आहे अजून."

झालं! मी तिथेच फतकल मारून बसले. दुरुस्तीचं दुकान काढायचं, मिस्त्री आणि मी मिळून, आणि नाव 'दुसरा डाव'. तशी माझ्या वहीत तेवीस नावं तयार होती. 'पुनरुत्थान' होतं, 'वस्तुसंजीवन' होतं. 'पुनरुत्थान' मी मिस्त्रींना ऐकवलंसुद्धा. ते म्हणाले, "ताई, ज्या गिऱ्हाइकाला कवळी आहे त्याने काय करायचं?" 'दुसरा डाव' ऐकल्यावर मात्र हातातला धुतलेला पेला खाली ठेवला. विचारलं, "पाटीवर लिहिणार हे?" म्हटलं, लिहिणार. तर म्हणाले, "चाळीस वर्षं पाट्या ठोकल्या मी लोकांच्या. खिळे आपले, शब्द दुसऱ्याचे." आणि उठून धुतलेलाच पेला पुन्हा धुवायला गेले.

आता तुम्हीच सांगा, यानंतर दुसरं कुठलं नाव लावायला मला तोंड होतं का? आईने प्रयत्न केला. आई म्हणाली, "'दुसरा डाव'? लोकांना वाटेल लग्न जुळवणारी संस्था आहे. पहिल्यांदा फसलेली स्थळं येतील रांग लावून." मी म्हटलं, येऊ देत. खुर्च्यांवर बसवू. माझी काही हरकत नाही.

आणि पहिलं काम तर दारात उभं होतं. शाळेतली तीनशे चाळीस बाकं. कुणाची फळी सुटलेली, कुणाचा पाय गेलेला, सभागृहात छतापर्यंत रचून ठेवलेली. मी मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभी राहिले आणि लाकूड, झाडं, पुढची पिढी असं अर्धा तास बोलले. बाई तपासायच्या वह्या तपासत ऐकत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "भाषण चांगलं होतं. शेवट लांबला. बाकं देते, पण दुकानाच्या नोंदणीचा दाखला पंधरा तारखेपर्यंत या टेबलावर पाहिजे. बिननावाच्या माणसाला काम देता येत नाही मला. नाहीतर भंगारवाला टेप घेऊन मोजून गेलाय."

म्हणजे लक्षात आलं ना? पंधरा तारखेपर्यंत नाव, नाहीतर तीनशे चाळीस बाकं भंगारात, आणि मिस्त्री परत घरात. बास. माझं मागणं काय होतं? एक नाव.

मी घरच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरला. नाव, पत्ता, व्यवसाय, सही. पडद्यावर आलं, 'अर्ज स्वीकारला आहे. कृपया वाट पाहावी.' मी म्हटलं ठीक आहे, माझी काही हरकत नाही, पाहू वाट. पण माझ्या खुर्चीच्या मागे बाबा उभे होते.

बाबा कोण, ते सांगायला हवं. बाबांनी एका कार्यालयात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. आलेलं प्रत्येक पत्र, गेलेलं प्रत्येक पत्र, नंबर घालून वहीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण घरात दूध आलं तरी ते मनातल्या मनात आवक नंबर देतात. आणि त्यांचं एक तत्त्व आहे. "बाळा, अर्ज म्हणजे बी आणि स्मरणपत्र म्हणजे पाणी. नुसतं बी पेरून घरी बसणाऱ्याला काय उगवतं?" मी लांब होते तेव्हा दर तिसऱ्या दिवशी मला फोनवर मजकूर यायचा. 'स्मरणपत्र क्रमांक ८७. विषय: वेळेवर जेवणे. आमचे क्रमांक ८६ अद्याप अनुत्तरित आहे.' माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला वाटायचं, माझ्यावर कुठेतरी खटला चालू आहे.

तर बाबांनी वाचलं, 'कृपया वाट पाहावी.' आणि म्हणाले, "वाट पाहून काम झालेलं एक प्रकरण दाखव मला. चौतीस वर्षांतलं एक."

मी लक्ष दिलं नाही. चूक माझी. मी रोज सकाळी मिस्त्रींबरोबर दुकानाची खोली घासायला जायचे. आणि इकडे बाबा, दर तिसऱ्या दिवशी, अकराचा चहा झाला की कॉम्प्युटर उघडायचे आणि 'स्मरणपत्र' लिहिलेलं बटण शोधायचे. तसं बटणच नव्हतं. असणार कसं? पण एक मोठं हिरवं बटण होतं, 'नवीन अर्ज'. बाबा ते दाबायचे. नाव, माझं. व्यवसाय, माझा. सही, माझीच, कॉम्प्युटरवर ठेवलेली. आणि खाली 'इतर माहिती' अशी जागा होती, तिथे लिहायचे, 'संदर्भ: आमचा यापूर्वीचा अर्ज. त्वरित निर्णय व्हावा ही विनंती.' मग वहीत नोंद करून, समाधानाने, पेपर वाचायला.

मला काय कल्पना? मी दहाव्या दिवशी नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीत एक मॅडम, दोरीचा चष्मा, समोर अर्धवट सोललेलं संत्रं. अर्जाचा नंबर दिला. त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि मान हलवली. "हे नाव मिळणार नाही. या नावावर दुसऱ्या कुणाचे अर्ज आहेत."

"कुणाचे?"

"ते सांगता येत नाही. गोपनीय असतं."

"एकच आहे का?"

"तीन आहेत. चिकाटीचा माणूस दिसतोय."

मला सांगा, तुमच्या पायाखालची जमीन सरकली नसती? मिस्त्रींच्या तोंडचा शब्द, आमच्या दोघांशिवाय फक्त घरात माहीत असलेला, आणि कुणीतरी तीन तीन अर्ज करून पळवतंय! घरी येऊन मी जेवणाच्या टेबलाशी उभी राहून भाषण केलं. दुसऱ्याची कल्पना चोरणारी माणसं, समाजाला लागलेली कीड, असं सगळं. आई म्हणाली, "पोळी गार होतेय." पण बाबा! बाबा लालबुंद. ताट सरकवून उभे राहिले. "कोण आहे हा हलकट? तीन अर्ज करतो? आता आपण पाठपुरावा असा करू की त्याने तोंडात बोटं घालावीत."

आणि त्यांनी तो केला. पुढचे तीन दिवस, रोज एक.

मग आल्या त्या दोन नोटिसा. पक्ष एक, मी, अर्ज एक. पक्ष दोन, मीच, अर्ज सहा. सोबत सहाही अर्जांच्या नकला. मी वाचतेय आणि मला काही कळेना. आईने चष्मा लावून एकदाच वाचलं, 'त्वरित निर्णय व्हावा ही विनंती' या ओळीवर बोट ठेवलं, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, तो हलकट सापडलाय. बाहेर या."

बाबा आले. वाचलं. सहाही नकला क्रमाने लावल्या. मग म्हणाले, "पण पोच आली ना सगळ्यांची?"

मी परत गेले मॅडमकडे. म्हटलं, समोरचा पक्ष मीच आहे, ते सहा अर्ज मागे घेते, विषय संपला. मॅडम म्हणाल्या, "वाद असलेल्या नावावरचा अर्ज मागे घेतला की नाव नव्वद दिवस गोठतं. मग कुणालाच नाही." नव्वद दिवस! पंधरा तारखेला दहा दिवस उरले होते.

"मग काय करू?"

"समोरच्या पक्षाची ना-हरकत आणा."

मी तिथल्या तिथे कागद घेतला आणि लिहिलं, 'मी हे नाव वापरण्यास माझी काही हरकत नाही.' खाली सही. मॅडमनी तो कागद उजेडात धरला. "हे तुम्हीच लिहिलंय."

"हो. समोरचा पक्ष मीच आहे."

"असं नाही चालत. दोघांनी एकमेकांसमोर सही करायची असते."

"मग आरसा आणू का?"

तुम्हाला वाटेल त्या चिडल्या. छे. त्यांनी खणातून नियमांचं पुस्तक काढलं. खरं सांगते, त्या आरशाचा नियम शोधत होत्या. अगदी मनापासून. मग चष्मा काढून म्हणाल्या, "सापडत नाही. सुनावणीलाच या. चौदा तारखेला, अकरा वाजता. आणि एका माणसाला दोन खुर्च्यांवर बसता येणार नाही. एका पक्षाचा प्रतिनिधी पाठवा."

प्रतिनिधी! घरी हे सांगायचा अवकाश, बाबांचा हात वर. "मी येतो. गोंधळ माझा, निस्तरणार मी." चार वर्षांत मी त्यांचा आवाज इतका टवटवीत ऐकला नव्हता. मी त्यांना समोर बसवलं. म्हटलं, बाबा, नीट ऐका. तुम्ही पक्ष दोन. साहेब विचारतील, तुमचं काय म्हणणं. तुम्ही उठायचं आणि म्हणायचं, 'आमची काही हरकत नाही.' आणि बसायचं. चार शब्द आहेत. पाचवा नको. बाबा म्हणाले, "मला शिकवू नकोस."

चौदा तारीख उजाडली. मिस्त्री आमच्यासोबत आले, पेटी घेऊन. कशाला विचारलं तर म्हणाले, असू दे. ते व्हरांड्यातल्या बाकावर थांबले. आम्ही आत. खोलीत एक टेबल, एक पंखा, पक्षांसाठी दोन खुर्च्या. पक्ष एकची खुर्ची डुगडुगत होती, माझी. बाबा निवृत्तीच्या दिवशी घातलेला कोट घालून आले होते. हातात फाईल, फाईलला लाल फीत, खिशात इस्त्रीचा रुमाल. मला तेव्हाच समजायला हवं होतं. चार शब्दांना फाईल लागते का?

साहेब म्हणजे निवृत्तीला टेकलेले, थकलेले गृहस्थ. म्हणाले, "पक्ष एक, बोला."

मी बोलले. वस्तू, माणसं, तीन पायांची खुर्ची, सगळं. साहेबांनी तीनदा घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "पक्ष दोन?"

बाबा उठले. मी त्यांच्याकडे बघत ओठांनी म्हणतेय, आमची काही हरकत नाही, आमची काही हरकत नाही. बाबांनी फीत सोडली.

"महोदय. प्रस्तुत प्रकरणी पक्ष एकने एकदा अर्ज केला. एकदाच. त्यानंतर विचारणा नाही, चौकशी नाही, एक ओळ नाही. अर्ज केला आणि झोपी गेला. याउलट पक्ष दोन. सहा स्मरणपत्रं, तारीखवार, जावक क्रमांकासह. महोदय, ज्याला खरंच हवं असतं, तो विचारत राहतो."

साहेब खुर्चीत सरळ झाले. "स्मरणपत्रं? बघू."

बाबांनी पुढे केली. साहेबांनी एकेक पान उलटलं, असं, जपून. "जावक क्रमांकसुद्धा... हल्ली कोण घालतं हो?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले.

"कुणी नाही," साहेब म्हणाले. आणि एक उभे, एक बसलेले, दोघं क्षणभर असे, जणू कुणी जवळचं गेलंय.

मी म्हटलं, "बाबा..." तर माझ्याकडे न बघता पुढे चालूच. "महोदय, ही पक्ष एक सहा वर्षं लांब होती. परत येईल अशी चिन्हं नव्हती. सगळे म्हणाले, वाट बघा. मी वाट नाही बघितली. दर तिसऱ्या दिवशी एक पत्र. सातशे अठ्ठावीस झाली. सातशे अठ्ठाविसाव्याला ती आली. पाठपुराव्यावर माझा विश्वास आहे, महोदय, तो असा आहे. माझं म्हणणं संपलं."

आता सांगा, पक्ष एकने काय करावं? पक्ष एकला रडू आलं. पक्ष एक कधी रडत नाही, पण आलं. आणि समोरच्या पक्षाने इस्त्रीचा रुमाल पुढे केला. साहेबांनी तेही बहुतेक नोंदवलं असावं.

निकाल तिथेच. नाव पक्ष दोनला. पाठपुराव्याची चिकाटी विचारात घेऊन. आणि पक्ष एकने, म्हणजे मी, 'दुसरा डाव' हे नाव किंवा त्यासारखं नाव यापुढे कधीही, कुठेही वापरू नये, तसं लेखी हमीपत्र द्यावं. मी दिलं. मग त्याच पेनने, शेजारच्या ओळीत, पक्ष दोन म्हणून दाखला मिळाल्याची सही केली. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन." मग जरा विचार करून, हळू आवाजात, "आणि तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका."

बाहेर मिस्त्री उभे राहिले. "काय झालं, ताई?"

"हरले."

त्यांचा चेहरा असा पडला, की मी दाखलाच त्यांच्या हातात दिला. "आणि जिंकलेसुद्धा." त्यांनी दाखल्यावरच्या नावावरून अंगठा फिरवला, त्या स्टुलावरून फिरवला होता तसा. मग म्हणाले, "बरं. बाकं कुठल्या वर्गापासून घ्यायची?" आणि तेवढ्या वेळात त्यांनी व्हरांड्यातलं डुगडुगणारं बाक घट्ट करून टाकलं होतं, आणि दोन कारकून आपापल्या खुर्च्या उचलून त्यांच्यासमोर ओळीत उभे होते.

पंधराला सकाळी दाखला बाईंच्या टेबलावर. बाईंनी तारीख पाहिली, म्हणाल्या, "काठावर पास." तीनशे चाळीस बाकं आमच्याकडे. भंगारवाला टेप गुंडाळून गेला. पाटी मिस्त्रींनीच ठोकली. खिळे त्यांचे, शब्दही त्यांचा. मी शिडी धरली होती, पण पक्ष दोन म्हणून. पक्ष एकला त्या पाटीखाली उभं राहायची कायद्याने मनाई आहे. असू दे. माझी काही हरकत नाही.

बाबा आता दुकानातच बसतात. कोपऱ्यात टेबल, टेबलावर आवक-जावक वही. आलेल्या प्रत्येक खुर्चीला नंबर. दुरुस्त झालेली वस्तू न्यायला गिऱ्हाईक तीन दिवसांत आलं नाही, की स्मरणपत्र. लोक घाबरून वेळेवर येतात. सगळं सुरळीत चाललं होतं बघा, काल दुपारपर्यंत.

काल दुपारी पोस्टमन आला. या वेळी लिफाफे दोन नव्हते, तीन होते. मी बाबांकडे बघितलं. बाबा वहीत बघत होते, फार बारकाईने. चौदा तारखेला सकाळी, कोट घालून झाल्यावर, रिक्षा यायला पाच मिनिटं होती. सवयीने, म्हणाले. हिरवं बटण. स्मरणपत्र क्रमांक सात.

नोटीस निघाल्यानंतरचा अर्ज नव्या पक्षाचा धरतात, म्हणून पक्ष दोनच्या दाखल्यावर आता पक्ष तीनची हरकत आहे. पक्ष तीनही मीच, हे वेगळं सांगायला नको. सुनावणी पुढच्या महिन्यात. बाबा पक्ष दोनकडून उभे राहिलेले, त्यामुळे पक्ष तीनला नवा प्रतिनिधी लागणार, आणि घरातून आईने 'माझ्याकडे बघूसुद्धा नकोस' म्हणून कळवलंय. तेव्हा उरले मिस्त्री. काल संध्याकाळभर मी त्यांच्याकडून चार शब्द पाठ करून घेत होते. रंधा चालवत चालवत म्हणत होते बिचारे, आमची काही हरकत नाही, आमची काही हरकत नाही. आणि मग रंधा थांबवला, तो सातवा अर्ज हातात घेतला, बराच वेळ वाचला, आणि म्हणाले, "पण ताई, पक्ष तीनचंही तसं बरोबरच आहे."